घासलेलं नाणं

रोज सकाळी जुन्या नाण्यांचा पारखी दुकानाचं शटर आधी अर्धंच उचलत असे. आत शिरून दिवा लावायचा, काचेवर मऊ फडकं फिरवायचं, भिंग आणि लोहचुंबक हाताशी ठेवायचं, आणि मगच शटर पुरतं वर. त्या ढगाळ सकाळी ते अर्ध्यावर असतानाच ती वाकून आत आली.

आठवड्यापूर्वी ती भंगारवाल्याचा पत्ता विचारत चुकून इथे शिरली होती. वडिलांच्या पश्चात उरलेला निकेलच्या जुन्या नाण्यांचा डबा तिला मोडीत काढायचा होता. वरचं एक काळपट नाणं त्याने चुंबकापाशी नेलं. ते चटकन चिकटलं, म्हणजे निकेल अस्सल. नक्षीची धार शाबूत होती.

"हे भंगारात? सगळी अशीच असली, तर वर्षभराचं घरभाडं सुटेल!"

भाडं सुटलं तर ती इथेच राहणार होती. नाहीतर दूरच्या शहरात, भावाकडे. ते नाणं तिने त्याच्याकडेच ठेवलं होतं — "परत यायला निमित्त हवं ना..."

आज तिने डबा उपडा केला. नाणी आरशासारखी लखलखली.

"लिंबू आणि पावडर लावून घासली. बोटं बघा माझी!"

खोटा आकडा सांगावा, पदरचे भरावेत, असं त्याला क्षणभर वाटलं. पण ती थेट त्याच्या डोळ्यांत पाहत होती.

"घासायची नव्हती... त्या काळपटपणालाच किंमत असते. आता नुसत्या धातूचा भाव येईल. मी आधीच सांगायला हवं होतं."

"आणि मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल." तिचं हसू ओठांवरच विझलं.

"भाडं मी—"

"नको. उपकाराच्या घरात मला झोप लागायची नाही."

"उपकार नाहीत हो." त्याने भिंग बाजूला सारलं. "तुम्ही इथे असायला हव्यात... मला."

"कळलं होतं मला. उगाच का बोटं सोलून घेतली? पण आज हो म्हटलं, तर भाड्यासाठी म्हटलं की मनापासून, हे माझं मलाच कधी कळणार नाही." तिने नाणी परत डब्यात लोटली. "ते पहिलं नाणं घ्या. खरी किंमत द्या, जास्त नको. गाडीभाडं निघेल."

त्याने खरी किंमत मोजली. एक दमडीही चढवली नाही. शटरखालून वाकून ती गेली.

दुपारी एका गिऱ्हाइकाने त्या नाण्याला दुप्पट भाव देऊ केला. "नंतर बघू," म्हणत पारख्याने त्याला वाटेला लावलं. मग शटर अर्धं ओढून घेतलं, लिंबू चिरलं, आणि तो नक्षीची धार बोथट होईतो ते नाणं घासत राहिला.

नाणं लख्ख झालं. आता ते कोणीही मागणार नव्हतं.