आत्याच्या डोळ्यांत न मावलेला धबधबा

“सगळ्यांनी माझ्या झेंड्याकडे बघा,” गाईड माइकवरून म्हणाला आणि बसमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मुकाट्याने झेंड्याकडे बघितलं. खिडकीबाहेर एक अख्खा डोंगर ढगात शिरत होता. त्याच्याकडे बघायला कुणालाही फुरसत नव्हती.

“ह्यांच्यापेक्षा मेंढरं बरी,” टोच्या पुटपुटला. “ती निदान बाजूचं गवत तरी बघतात.”

टोच्या अकरा वर्षांचा. समोरच्याला प्रश्न टोचत राहायचा, म्हणून हे नाव. शेजारी त्याची तेरा वर्षांची ताई. दोघांच्या मध्ये कोंबून बसवलेली चुलत बहीण मुंगी, नऊ वर्षांची, कुठल्याही फटीतून आत शिरणारी. आई-बाबा आणि काका-काकू पुढच्या रांगेत. परदेशात पाऊल ठेवल्यापासून ह्या चौघांचा एकच उद्योग चालला होता. बसमधून उतरायचं, जे बघायला आलो त्याच्याकडे पाठ करायची, दात काढून फोटो घ्यायचा, परत चढायचं. घरी जाऊन ‘बघितलं’ म्हणून सांगायला मोकळे.

गाईडला मुलं आपसात ‘झेंडू’ म्हणत. इस्त्रीचा शर्ट, चप्प बसवलेले केस आणि खोटं बोलताना आणखी गोड होणारा आवाज. मोठी माणसं त्या गोड आवाजावर अशी भाळली होती की त्याने दगडाला देव म्हटलं असतं तरी ओळीने नमस्कार झाले असते.

खिडकीला नाक लावून बसली होती ती फक्त आत्या.

आत्या म्हणजे बाबांची आणि काकांची मोठी बहीण. आयुष्यभर शिवणयंत्रावर वाकून तिने लोकांचे कपडे शिवले आणि ह्या दोन्ही भावांना शिकवलं. आता तिची नजर कडेकडेने मिटत चालली होती. थोडे दिवस मधलं तेवढं दिसेल, मग तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा ती रडली नाही, कुढली नाही. एवढंच म्हणाली, “जन्मभर टाका बघितला. जाता जाता डोळ्यांत मावणार नाही असं काहीतरी बघू दे.” ह्या देशातला सगळ्यात मोठा धबधबा तिने निवडला. सहल त्यासाठीच ठरली होती. भावांच्या ते लक्षात राहिलं होतं का, देव जाणे.

शेवटच्या वळणाआधी ड्रायव्हरने दोनदा लांबलचक हॉर्न दिला.

“कुणाला वाजवतोय हा?” टोच्याने विचारलं. “रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाहीये.”

“वळण धोक्याचं आहे, बाळा,” झेंडू म्हणाला. आवाज पाकात बुडवून काढलेला.

ताईने टोच्याला कोपराने ढोसलं. दोघांनाही कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

बस एका लांबरुंद दुकानासमोर थांबली. दुकानाच्या मागे फरशीचं अंगण होतं आणि अंगणाच्या टोकाला, कठड्यापलीकडे, धबधबा पडत होता. झेंडूने झेंडा उंच केला. “हाच तो, मंडळी.” मंडळींनी लगेच धबधब्याकडे पाठ केली आणि दात काढले.

आत्या कठड्याला धरून उभी राहिली. तिने चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. तिची मान जराही हलली नाही. सगळा धबधबा तिला एका जागेवरून, एका नजरेत दिसला.

“एवढाच?” ती हळूच म्हणाली. मग स्वतःच ओशाळली. “मोठाच असेल. माझ्या डोळ्यांनीच कापून बारीक केलाय. उशीर केला मी.”

ताईने धबधब्याकडे नीट बघितलं. त्यांच्या इमारतीवरची पाण्याची टाकी ह्याहून उंच होती.

“आत्या, तुझे डोळे ठीक आहेत. हाच टिचभर आहे.”

“राहू दे गं. माझी समजूत काढायला नको.”

आत्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिने चष्मा डबीत घालून टाकला. जणू आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ताईला ते बघवेना.

“ह्या पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय,” मुंगी नाक वर करून म्हणाली. “आणि ते दगड बघा. एकावरही शेवाळं नाही.”

तेवढ्यात झेंडूने सगळ्यांना दुकानात हाकललं. बाहेर बसने एकच हॉर्न दिला. गालिचे, जाकिटं, फुलदाण्या. पुढचा सगळा वेळ खरेदीला. मुलं मागच्या दाराने सटकली, कठड्यापाशी आली आणि जागच्या जागी थांबली.

धबधबा नव्हता. ओल्या सिमेंटचा एक उंचवटा होता, त्याला खडकासारखा रंग दिलेला, आणि वरच्या टोकाला जाडजूड नळ.

मुंगी उंचवट्याच्या मागच्या फटीत शिरली आणि थोड्या वेळाने गुडघे खरडून परत आली. “मागे खोली आहे. एक माणूस मोबाईल बघत खुर्चीत पसरलाय. शेजारी भिंतीवर मोठं बटण.”

दूर रस्त्यावर कुठल्याशा दुसऱ्या बसचा हॉर्न दोनदा लांब वाजला. नळ गुरगुरला आणि धबधबा सुरू झाला. नवी मंडळी आली, पाठ करून उभी राहिली, दात काढून आपल्या बसमध्ये गेली. निघताना त्या बसने एकच हॉर्न दिला. धबधबा बंद.

“वळण धोक्याचं म्हणे,” टोच्या म्हणाला. “खरा धबधबा जेवणघरातल्या फोटोत आहे. हॉटेलात. त्याच्यावर झुलता पूल आहे, आणि पुलावरची माणसं तिळाएवढी.”

“त्या फोटोचा फोटो आहे माझ्याकडे,” ताई म्हणाली आणि तडक बाबांकडे गेली.

बाबा आरशासमोर जाकीट घालून वळून वळून बघत होते. ताईने सगळं सांगितलं.

“गाईडला जास्त कळतं की तुला?”

“बाबा, तो बटणावर चालतो. मुंगीने बघितलंय.”

“हळू बोल, लोक ऐकतील. एवढ्या लांब येऊन तमाशा नको.” बाबांनी पोट आत घेतलं. “आणि आत्याला तसंही कितपत दिसतंय? पाणी पडताना बघितलं ना तिने? मग झालं तर.”

जिच्या शिवणाच्या जिवावर हा माणूस शिकला, तिच्याबद्दल तो हे बोलत होता. जाकीट त्यांना दोन्ही खांद्यांवर उसवेल इतकं घट्ट होत होतं. ताईने ते सांगितलं नाही. घेऊ देत.

“मोठ्यांना सांगून काही होत नाही,” बाहेर येऊन ती म्हणाली. “दाखवावं लागतं. टोच्या, ड्रायव्हर कुठाय?”

“दुकानात, फुकटची कॉफी पितोय. बसचं दार सताड उघडं.”

खरेदी उरकल्यावर झेंडूने सगळ्यांना अंगणात उभं केलं. पुन्हा पाणी पडत होतं. कुणी सोडायला सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. सामुदायिक फोटोआधी भाषण करायची त्याला हौस होती. मुंगी दुकानाच्या कोपऱ्यावर उभी राहिली. तिथून तिला अंगणही दिसत होतं आणि बसमध्ये शिरलेला टोच्याही.

“मंडळी, राजे आले, राजे गेले,” झेंडू म्हणाला, “पण हा धबधबा हजारो वर्षांत एक क्षणही थांबलेला नाही.”

मुंगीने टोपी हलवली.

बसचा हॉर्न एकदा वाजला. धबधबा थांबला.

अंगणात नळातून गळणारे थेंब तेवढे ऐकू येत होते. काकांच्या हातातला मोबाईल तसाच वर राहिला.

“काय झालं हो?” काकूने विचारलं. “धबधबा गेला कुठे?”

“वारा, वहिनी,” झेंडू म्हणाला. “कधी कधी वाऱ्याने पाणी अडतं.”

दोन हॉर्न. पाणी सुरू. एक हॉर्न. बंद. दोन हॉर्न. सुरू. भिंतीमागचा तो माणूस मान वर न करता इमानेइतबारे बटण दाबत होता. त्याला काय, हॉर्न वाजला की दाबायचं.

“वारा फारच शिकलेला दिसतोय,” ताई मोठ्याने म्हणाली. “हॉर्न मोजतो.”

आधी आत्या हसली. पायरीवर बसल्या बसल्या, पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत. मग उठली, चष्मा डबीतून काढून डोळ्यांवर चढवला आणि कठड्यापाशी येऊन तो सिमेंटचा उंचवटा नीट न्याहाळला.

“म्हणजे माझे डोळे बरोबर होते,” ती म्हणाली. “टिचभरच होता मेला.”

आता बाबांना कंठ फुटला. “मला आधीच शंका आली होती,” ते म्हणाले. काका म्हणाले, “मला तर कालच.” ताईने दोघांकडे असं बघितलं की दोघांनीही बुटांकडे बघितलं.

“खऱ्या धबधब्याचा रस्ता बंद आहे,” झेंडूने शेवटचा प्रयत्न केला. दुकानदाराशी त्याची किती गट्टी होती ते आता उघडच झालं होतं. वर चढावरून चालायचा त्याला कंटाळा होता तो वेगळाच.

ड्रायव्हर कप हातात घेऊन बाहेर आला होता. ताईने त्याला मोबाईलमधला फोटो दाखवला. त्याने झुलत्या पुलाकडे बघितलं, मान डोलावली आणि डोंगरामागे जाणाऱ्या रस्त्याकडे बोट केलं. रस्त्यावरून गाड्या ये-जा करत होत्या.

आत्या बसपाशी गेली आणि दाराच्या पायरीवर आडवी बसली.

“गाडी तिकडे जाणार असेल तर मी सरकते,” ती म्हणाली. “नाहीतर आज ह्या गाडीत कुणी चढायचं नाही.”

“अक्का, लोक बघतायत,” बाबा कुजबुजले.

“बघू देत. तेवढ्यासाठीच तर आलेत.”

झेंडूने झेंडा गुंडाळून काखेत मारला. गाडी तिकडे गेली.

खऱ्या धबधब्याचा आवाज आधी पायांना कळला. जमीन थरथरत होती. चढावर तुषारांनी सगळ्यांचे कपडे भिजले आणि बाबांचं नवं जाकीट पाठीत सरळ उसवलं. बाबांनी ते लपवत ताईच्या खांद्यावर हात ठेवला. “शाब्बास. शेवटी मुलं कुणाची?” काकाही म्हणाले, “हुशार आहेत हो पोरं.” सगळ्या बसने टाळ्या वाजवल्या. मग सगळी बस धबधब्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने दात काढले.

“ह्यांचं काही होणार नाही,” टोच्या म्हणाला.

आत्या कठड्याला धरून उभी होती. तिच्या अरुंद नजरेत एका वेळी धबधब्याची एक फाक तेवढी येत होती, म्हणून ती मान हळूहळू फिरवत होती, उजवीकडून डावीकडे. पाणी, आणखी पाणी, त्याच्या पलीकडे पाणी. चष्म्यावरून थेंब ओघळत होते. ते तिने पुसले नाहीत.

“अक्का, या ना, फोटो काढू,” काकूने हाक मारली.

“तुम्ही काढा,” आत्या मान न वळवता म्हणाली. तिने चाचपून ताईचा हात धरला. “तू सांग, माझी मान आता दुखायला लागली. डावीकडे अजून उरलाय का?”

ताईने बघितलं.

“उरलाय, आत्या. खूप उरलाय.”