पाय कुठे वळतात

सायकल माझ्या मावशीची होती. गुलाबी, हँडलला रिबिनी, पुढे वेताची टोपली. मावशी तेव्हा नऊ वर्षांची, अंगभर कांजिण्या, आणि तिने माझ्या आईला शपथ घातली होती – रांगेतली माझी जागा सोडायची नाही.

आमच्या गावात ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव सुरू झाला, की सकाळी खेळाडूंच्या वसतिगृहापुढे पोरं सायकली घेऊन उभी राहतात. खेळाडू एखादी सायकल निवडतो आणि ती चालवत मैदानावर जातो. सायकलीचा मालक त्याचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळतो. त्या रांगेत बावीस वर्षांची माझी आई, मार्लिस, एकटीच मोठी होती. आपल्याला कुणी निवडू नये म्हणून मान खाली घालून उभी होती.

तिच्यावर सावली पडली.

"ही चालेल."

समोर एकशे आठ किलोचा माणूस होता. डेल्मर प्रूइट, मिसिसिपीहून आलेला नवा लाइनबॅकर, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला अडवणारा खेळाडू.

"तुटेल," आई म्हणाली.

"मी की सायकल?"

"सायकल. तुझं काय व्हायचं ते होवो."

"मग हे धर." हेल्मेट तिच्या हातात आलंसुद्धा. "पळता येतं ना?"

"मी कस्टर्ड विकते. पळत नाही."

"बरं... मग मी हळू जातो."

आणि तो खरंच इतका हळू गेला, की सायकल दोनदा आडवी होता होता वाचली. गुडघे कानांना लागत होते, रिबिनी वाऱ्यावर उडत होत्या, दोन्ही बाजूंना लोक हसत होते. दवात भिजलेल्या गवताचा वास येत होता. हेल्मेटला कालच्या घामाचा वास होता आणि आईला तो वाईट वाटला नाही. हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तीच सायकल घेतली. तिसऱ्या दिवशीही. मावशीच्या कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी "अजून खपल्या आहेत" असं सांगून आईच जात राहिली.

पण एक गोष्ट तिला कळेना. तो बोलायचा, चिडवायचा, हेल्मेट देताना बोटं जरा जास्त वेळ तिथेच ठेवायचा... आणि बघायचा मात्र खाली. तिच्या बुटांकडे. आईने बूट पुसले. मग लाल बूट विकत घेतले. तो त्यांच्याकडेही तसाच बघत राहिला – लक्ष देऊन, कपाळाला आठी घालून.

"त्याला तू हवीस की तुझे बूट, ते एकदा विचारून घे," आजोबा म्हणाले. कस्टर्डचं, म्हणजे अंडी घातलेल्या आइस्क्रीमचं, दुकान त्यांचं होतं.

"बाबा, तुम्ही यंत्र धुवा."

"मी आपलं म्हणतो. बूट हवे असतील तर स्वस्तात सुटशील."

शुक्रवारी दुपारी तो दुकानात आला. बाहेर भुरभुर पाऊस. केसांवर थेंब, हातात कस्टर्डचा पेला. कस्टर्ड वितळत चाललं होतं.

"मंगळवारी कळेल," तो म्हणाला. "संघात ठेवतात की काढतात."

"ठेवतील."

"कशावरून?"

"उगीच. मला वाटतं."

तो हसला. मग घसा साफ केला. "मार्लिस, रविवारी तू... म्हणजे, तुला जर..."

आणि त्याने खाली पाहिलं. चेहरा एकदम बदलला.

"तुला घाई दिसतेय," तो म्हणाला. "जातो मी."

दार बंद झालं. आई हातात चमचा घेऊन तशीच उभी. तिने नकाराचं अवाक्षरही काढलं नव्हतं! काय चुकलं? शनिवार-रविवार ती ते चार शब्द उलटसुलट करत राहिली. सोमवारी त्याने एका लहान मुलीची निळी सायकल घेतली आणि आईकडे मान हलवून, अनोळखी माणसाला करतात तसा नमस्कार केला.

आमच्या गावात मंगळवार कसा असतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे खोलीचं दार वाजतं. "कोच बोलावतायत. डावांची वही घेऊन ये." वही परत मागितली की संपलं. मग तो मुलगा मागच्या दाराने निघतो, रांगेतल्या पोरांसमोरून जायला नको म्हणून.

त्या मंगळवारी पुढच्या दारातून एकेक जण येत राहिला. तो आला नाही.

आईने सायकल वळवली. मग, आयुष्यात पहिल्यांदा, ती त्या सायकलवर स्वतः बसली आणि बसथांब्यापर्यंत रिबिनी उडवत गेली.

तो बाकावर होता. पायाशी एक पिशवी.

"शुक्रवारी काय विचारणार होतास?"

"आता काय उपयोग? वही घेतली माझी."

"मी वहीचं विचारलं नाही."

तो तिच्या बुटांकडे बघायला लागला.

"वर बघ! महिनाभर खाली बघतोयस. काय ठेवलंय तिथे?"

"मला तेच शिकवलंय," तो अगदी हळू म्हणाला. "समोरचा डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो. जायचं असतं तिकडे त्याचा पाय आधी वळतो. शुक्रवारी मी बोलायला लागलो आणि तुझा उजवा पाय दाराकडे वळला. म्हटलं, हिला सुटायचंय."

आईला आधी हसू आलं, मग रडू, मग राग.

"अरे गाढवा! तू विचारायला लागलास आणि मला धीरच निघेना. पाय दाराकडे गेला, कारण मला तुझ्याबरोबर बाहेर पडायचं होतं!"

त्याने पुन्हा एकदा तिच्या उजव्या बुटाकडे पाहिलं.

"म्हणजे... मी डाव चुकीचा वाचला."

"म्हणूनच काढलं असेल तुला."

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. आई म्हणते, ते डोळे इतके तपकिरी असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"आता काय दिसतंय?" तिने विचारलं.

"डोळ्यांचं मला शिकवलेलं नाही. गोंधळ होतो."

"माझाही."

बस येऊन थांबली होती. चालकाने डोकं बाहेर काढलं. "बसताय, की आधी लग्न उरकताय?"

"तुम्ही निघा," आई म्हणाली.

परत येताना तो सायकलवर आणि ती पिशवी घेऊन शेजारून. या वेळी ती पळाली.

चार दिवस त्याने आजोबांच्या दुकानात दुधाचे डबे उचलले. पाचव्या दिवशी दुसऱ्या संघाचा फोन आला. त्यांच्या लाइनबॅकरचा खांदा निखळला होता. तिथून अकरा मोसम, तीन शहरं, गुडघ्यांच्या पाच शस्त्रक्रिया आणि कायमचं वाकडं राहिलेलं एक बोट. सहाव्या मोसमात मी झाले. भांडण झालं की आई बोलायची नाही, मुद्दाम एक पाय दाराकडे करून बसायची. बाबा स्वयंपाकघरातून म्हणायचे, "हूल आहे. मी नाही हलणार."

साठीनंतर बाबांच्या आठवणीतली माणसं एकेक करून निघून गेली. आधी मैदानावरची, मग मी. शेवटच्या हिवाळ्यात ते आईकडे बघून विचारायचे, "बाई, तुम्हाला कुठे जायचंय का?" आई पलंगाजवळ यायची. खुर्ची ओढायची, बूट काढायची आणि दोन्ही पावलं पलंगाकडे करून ठेवायची. बाबा कपाळाला आठी घालून बघत राहायचे. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास.

मग म्हणायचे, "नाही. राहणार आहे ही."

मार्चमध्ये आम्ही त्यांना पुरलं. बर्फ वितळत होतं, चिखल झाला होता. प्रार्थना संपली. लोक अजून हळू आवाजात बोलत होते, पण पाय एकेक करून गाड्यांकडे वळले. माझेही.

मी आईच्या बुटांकडे पाहिलं. तिचे वळले नव्हते.