सात कमानी आणि टोमॅटोचा टेम्पो

"खर्च शंभर टक्के, म्हणजे विकास शंभर टक्के! माझं गणित चुकत नसतं," खर्चेश्वर छाती पुढे काढून म्हणाला. २०४७ साली सरकारने ग्रामपंचायतींना यंत्रमानव दिले, त्यांतला हा एक. तीन महिन्यांत त्याने कळमखेड्यात सात स्वागतकमानी उभारल्या होत्या.

तेवढ्यात धाडकन आवाज आला. कस्तुरीच्या आईचा टेम्पो सातव्या कमानीत अडकला होता. खड्ड्यांतून आदळत आलेल्या निम्म्या टोमॅटोंचा रस्त्यातच रस झाला होता, उरलेल्यांचा आता झाला.

"बास!" आई उतरत म्हणाली. "टेम्पो विकायचा आणि शहर गाठायचं."

मागोमाग कस्तुरीने टेम्पोतून उडी मारली. शाळा, मैत्रिणी, सगळं सुटणार?

"उरलेल्या निधीतून आठवी कमान!" खर्चेश्वर खुशीत होता. "आज एकतीस मार्च. पाचच्या आत खर्चला नाही, तर पैसा परत जाईल."

"थांब रे डबड्या!" कस्तुरी ओरडली. "कमानीचा रुपया गेला कुठे, ते दाखव आधी."

खर्चेश्वरने भिंतीवर नकाशा पाडला. रुपयाचा लाल ठिपका ग्रॅनाइटवाल्याकडे, शहरात गेला. परत आलाच नाही.

"आता आठव्या कमानीऐवजी रस्ता केला, तर कुठे जाईल ते दाखव."

ठिपका खडी फोडणाऱ्या गोदाबाईंच्या मजुरीत गेला, तिथून किराणा दुकानात, मग शिंप्याकडे, मग दूधवाल्याकडे.

"अगं बाई, हा तर गावातच हिंडतोय!" आई म्हणाली.

"याला गुणक परिणाम (एकाच खर्चातून अनेकांची कमाई) म्हणतात," खर्चेश्वर पुटपुटला. "माझ्या पुस्तिकेचं पान चारशे बारा. मी 'खर्च कसा संपवावा' एवढंच प्रकरण वाचलं होतं."

"पण कधीतरी थांबेलच की तो," आई म्हणाली.

"हो. प्रत्येक हातात थोडा शिल्लक पडतो, थोडा गावाबाहेर जातो. पण रस्ता मागे राहतो. त्यावरून माल धड पोचला की लोकांची कमाई वाढते, कर (सरकारला मिळणारा वाटा) वाढतो, त्यातून दवाखाना, शाळा..."

"मग बघतोस काय? मंजुरीचं बटण दाब!" कस्तुरी म्हणाली.

चार अठ्ठावन्नला रस्ता मंजूर झाला. कस्तुरीने हुश्श केलं. आईने टेम्पोची किल्ली कमरेला खोचली. "यंदा दोन वाफे जास्त लावू," ती म्हणाली.

मे महिन्यात डांबर पडलं. ते गरम असतानाच खर्चेश्वर मधोमध उभा राहून पाहणी करू लागला. त्याला उपटून काढायला अडीच तास लागले.