टेकडीपलीकडून आलेलं उत्तर

ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकाची आहे. काका लिफ्टचं काम करतो. शेजाऱ्याला ताप आलाय म्हटलं तरी थर्मामीटर बघितल्याशिवाय त्याला पटत नाही. त्यामुळे त्याने हे सांगितलं तेव्हा मला हसता आलं नाही. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

वेळ भर दुपारची. साडेतीनच्या आसपास. स्वच्छ ऊन होतं.

काका आणि त्याचा जोडीदार समुद्रकाठच्या एका गावात हॉस्पिटलच्या दोन लिफ्ट बसवायला गेले होते. जोडीदाराचं बोलणं गोड, म्हणून सगळे त्याला गुळ्या म्हणत. बारा वर्षं दोघं एकत्र. काम काकानेच त्याला शिकवलेलं, पाना कसा धरायचा इथपासून.

त्यांची एक पद्धत होती. एक जण वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली खड्ड्यात. वरच्याने स्विचला हात लावण्याआधी ओरडायचं, "आहेस?" खालच्याने उत्तर द्यायचं, "आहे. हात बाहेर." हे उत्तर आल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. बारा वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. दोघांची वीसच्या वीस बोटं शाबूत होती ती त्यामुळेच.

आदल्या संध्याकाळी लॉजवर ऑफिसचा फोन आला. गुळ्याला सुपरवायझर केलं होतं.

काका नुसतं "हं" म्हणाला आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. नळ सोडून दहा मिनिटं तसाच उभा राहिला.

"माझा नुसता जळफळाट झाला होता," तो मला म्हणाला. "तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

त्यात काकूने फोनवरून आगीत तेल ओतलं. "बघा, ते भावजी माणसांशी चार शब्द बोलतात. तुमच्या तोंडाला कायमचं कुलूप."

दुसऱ्या दिवशी ब्रेकचा एक सुटा भाग आला नाही, म्हणून सुट्टी मिळाली. गुळ्यानेच टूम काढली, जवळ वाळूच्या टेकड्या आहेत, बघून येऊ. काकाला नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर पोटात दुखतंय हे उघड झालं असतं.

टेकड्या दुमजली घराएवढ्या उंच होत्या. चार पावलं चढलं की दोन खाली घसरायला व्हायचं. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत उतरलं की समुद्राचा आवाजही बंद व्हायचा. गुळ्या फोटो काढत पुढे गेला. काका बुटातली वाळू झटकायचं निमित्त करून मुद्दाम मागे बसला.

पाच-सात मिनिटं गेली.

"आहेस?"

गुळ्याची हाक. लांबून, पण स्पष्ट.

उत्तर काकाच्या जिभेवर आलं होतं. त्याने तोंड मिटून घेतलं. ओरड की साहेब, त्याच्या मनात आलं, शोध आता मला.

"अरे, आहेस का?"

या वेळी आवाजात काळजी होती. काका हललासुद्धा नाही.

मग वारा पडला...

आणि डावीकडच्या टेकडीपलीकडून उत्तर आलं.

"आहे. हात बाहेर."

आवाज काकाचा होता.

बोलण्याआधी काका घसा खाकरतो. ते खाकरणंसुद्धा तसंच होतं.

काकाने स्वतःच्या ओठांना हात लावून पाहिला. ओठ बंद होते.

पलीकडे गुळ्या हसला. "तिकडे आहेस होय. घाबरवलंस की मला."

काका धडपडत डावीकडची टेकडी चढला. वर पोहोचला तर पलीकडे कोणीच नव्हतं. बोलणं मात्र चालू होतं... त्याच्या पुढच्या टेकडीमागे.

"मनापासून आनंद झाला रे," काकाचा आवाज सांगत होता. "काल बोलायला हवं होतं. तुझ्याशिवाय दुसरं होणार तरी कोण होतं?"

पुढे तो आवाज काकाच्या वडिलांबद्दल बोलायला लागला. ते गेले त्या दिवशी काका कामावरच थांबला होता, घरी जायची हिंमत झाली नव्हती. हे काकाने काकूलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"भीती मागाहून. आधी वाटलं, हा कोण उपटसुंभ माझा मित्र पळवतोय?"

काकाने जिवाच्या आकांताने हाक मारली. "आहेस?"

पलीकडचं बोलणं थांबलं.

काका वाट बघत राहिला...

गुळ्याचं उत्तर आलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग दोघं हळूच हसले आणि पुन्हा बोलू लागले, आवाज खाली आणून.

काका तिथे पोहोचला तेव्हा गुळ्या खोलगट जागेत एकटाच बसला होता. डोळे ओले, चेहरा खुललेला. त्याच्यासमोर वाळूत माणूस बसून उठल्यासारखा खळगा होता. त्या खळग्याकडे जाणारं किंवा तिथून निघणारं एकही पाऊल नव्हतं.

"परत कसा आलास?" गुळ्याने विचारलं. "आत्ताच तर उठून गेलास."

परतताना बसमध्ये गुळ्याने काकाचा हात धरला. "आज जे बोललास ना, ते बारा वर्षांत बोलला नव्हतास."

तो मी नव्हतो, असं काका म्हणू शकला असता. पण मग तू हाक मारत होतास तेव्हा मी ऐकून गप्प बसलो होतो, हेही सांगावं लागलं असतं.

काका म्हणाला, "हो रे, आलं मनात."

तीन महिन्यांत गुळ्याने त्याच गावी बदली मागून घेतली. दर सुट्टीला तो टेकड्यांवर जातो, असं त्याची बायको काकूला सांगायची. घरी हल्ली दोन शब्द बोलत नाहीत, म्हणायची.

गेल्या महिन्यात काकाला राहवलं नाही. त्याने फोन करून सगळं कबूल केलं.



"ठाऊक आहे मला," गुळ्या म्हणाला. "बसमध्येच कळलं होतं. तू हात सोडवून घेतलास ना, तेव्हा."

"मग तिकडे जातोस कशाला?"

"तो बरा आहे रे," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

काकाने मला एवढंच सांगितलं. पुढचं काकाला माहीत नाही.

मला नवी नोकरी लागून दोन महिने झाले. काकाचा मुलगा अजून खेटे घालतोय, त्यामुळे काकाने माझ्या नोकरीचा विषय कधी काढला नव्हता. परवा दुपारी त्याचा फोन आला. घसा खाकरून म्हणाला, "मनापासून आनंद झाला रे." अर्धा तास बोलला. किती मायेने बोलला, काय सांगू.

संध्याकाळी काकू भेटली. काका त्या दिवशी फोन घरीच विसरून कामावर गेला होता. दिवसभर तो फ्रिजवर पडून होता, तिच्या डोळ्यांसमोर.

मी काकाला हे सांगितलेलं नाही. काल पुन्हा फोन वाजला... आणि मी उचलला.