आठवी पाकळी कुठे गेली?

आठ सांगितल्या आणि सातच आल्या! मी पुन्हा मोजल्या. मग तन्वीरनं मोजल्या. सातच.

"कस्तुरी, यंत्राला आठपर्यंत येतं ना?" तन्वीर म्हणाला. याला नेमकं अशाच वेळी बरं सुचतं.

आमच्या चांद्रवस्तीत (म्हणजे चंद्रावर वसवलेल्या गावात) एक रीत आहे. नवं मूल येणार असलं की दाराशी रांगोळी काढायची. जितकी मुलं, तितक्या पाकळ्या. आपली पाकळी आपणच रंगवायची. आम्ही सात जण, आणि आज पृथ्वीवरून सहा वर्षांचा ओजस येणार होता. यान उतरलंही होतं. दार उघडायला वीस मिनिटं उरली होती. येणाऱ्याचीच पाकळी नाही म्हणजे काय! मला तर रडूच यायला लागलं, कारण आकडा मी सांगितला होता.

भिंगरी हा आमचा रांगोळीचा रोबो. तिला दोन हात. लांब हात मधल्या खुंटीभोवती फिरतो. त्याच्या टोकाला आखूड हात. तोही त्याच दिशेनं गरगर फिरतो आणि त्याच्यातून रांगोळी सांडते. लांब हाताच्या एका फेरीत आखूड हातानं किती फेऱ्या घालायच्या (जमिनीवरून बघून मोजलेल्या), एवढंच तिला सांगायचं. मी आठ सांगितल्या. त्यात चुकण्यासारखं काय होतं?

"भिंगरी बिघडली," मी अप्पांना म्हटलं. अप्पा माझे आजोबा. वस्तीची मोठी दुर्बीण तेच सांभाळतात.

"तिच्या नावानं खडे फोडू नकोस. पाकळीचं टोक केव्हा उमटतं, ते बघ आधी."

मी भिंगरीला हळूहळू फिरवलं. दोन्ही हात एका रेषेत आले, की रांगोळी सगळ्यात लांब पडत होती. तेच पाकळीचं टोक!

अप्पांनी मनगटावरचं काट्यांचं घड्याळ काढलं. दोन्ही काटे बारावर आणले. "बारा तासांत मोठा काटा बारा फेऱ्या घालतो, लहान काटा एकच. मग ते किती वेळा भेटतील? सुरुवातीची भेट धरू नकोस."

"बारा! त्यात काय!"

"फिरवून बघ की."

मी किल्ली फिरवत मोजलं. पुन्हा बारावर पोचले तेव्हा भेटी झाल्या होत्या अकरा.

"अगं बाई! लहान काटा थांबलेला नसतोच. तोही एक फेरी पुढे जातो. त्याला गाठता गाठता मोठ्याची एक फेरी खर्ची पडते!"

"शाब्बास. हीच सापेक्ष गती (एकाच्या मानानं दुसऱ्याची गती). आता तुझ्या आठातून एक गेला..."

"सात! म्हणजे सांगायच्या नऊ!"

झाडू, रांगोळी, सगळी धावपळ. भिंगरी फिरली आणि आठ पाकळ्या उमटल्या. आम्ही सातांनी आपापले रंग भरले तोच दार उघडलं.

ओजस आईचा हात घट्ट धरून उभा होता. त्यानं रांगोळी बघितली. "ही एक राहिली?" त्यानं हळूच विचारलं.

"राहिली नाही रे. ती तुझी."

त्यानं आईचा हात सोडला, गुडघ्यांवर बसला आणि पिवळा रंग उचलला. मी त्याला भिंगरी दाखवली आणि आकडा सांगितला की ती पाकळ्या काढते, तेही सांगितलं.

"आता आपल्याकडे अजून कोणी आलं, तर नऊ पाकळ्या ना?" त्यानं विचारलं. "मग हिला नऊ सांगायचं?"

तन्वीर फिस्सकन हसला. मी त्याला कोपरानं ढोसलं आणि ओजसशेजारी फतकल मारून बसले.

"आधी रंग भरून घे," मी म्हटलं. "मग आपण दोघं मोजून बघू."