मास्तरांच्या वाटणीचं इंजेक्शन

ही गोष्ट माझ्या मावशीची आहे आणि खरी आहे. मावशी जन्मभर नर्स होती. ताप एकशे एक असेल तर एकशे एकच सांगायची. नातेवाइकांच्या समाधानासाठी पाव डिग्रीसुद्धा उतरवायची नाही. पदरचं घालणं तिला जमायचंच नाही.

वेळ रात्रीची नाही. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी क्षयाच्या दवाखान्यातली दुपार पाहिलेली नाही. जेवणं झाली की सक्तीची विश्रांती. पडदे ओढलेले. बोलायचं नाही, वाचायचं नाही. सगळा वॉर्ड नुसता खोकत पडलेला...

तोवर क्षयावर औषध म्हणजे हवा, दूध आणि देवाची मर्जी. त्या उन्हाळ्यात नवं इंजेक्शन आलं, स्ट्रेप्टोमायसीन. मिळणं महाकठीण. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मास्तरांसाठी त्यांच्या बायकोने कुणाकुणाचे उंबरे झिजवून ते मिळवलं.

खोकं पोचलं त्याच्या आदल्या दिवशी मास्तर गेले.

डॉक्टर म्हणाले, "जिवंत माणसाला द्या." शेजारचा शिंपी तरुण होता, घरी लहान लेकरं. औषध त्याला मिळालं, आणि मास्तरांची हवेशीर खाटही. मास्तरांच्या बायकोला विचारलं, तेव्हा तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

वॉर्डाचा नियम असा, की नर्स जवळ आली की रोग्याने भिंतीकडे तोंड करायचं. खोकला तिच्या अंगावर नको. त्यामुळे मावशी माणसं पाठीवरून ओळखायची.

पहिल्या दुपारी ती पडद्याआड गेली. तिच्याकडे वळलेल्या पाठीखाली सुई टोचली. ते इंजेक्शन असं जळायचं, की दांडगे गडीही आईला हाका मारत.

शिंप्याने हूं की चूं केलं नाही.

"शाबास," मावशी म्हणाली. "तुमचा धंदाच सुईचा."

"काय म्हणालात, सिस्टर?"

आवाज मागून आला...

शिंपी दारात उभा होता. तोंड धुऊन आलेला, हातात टॉवेल.

मावशीने वळून पाहिलं. खाट रिकामी. चादरीला सुरकुती नाही. गादी कोरडी.

सिरिंजमध्ये थेंब उरला नव्हता.

ते ऐकून मेट्रनबाई म्हणाल्या, "सांडलं तर सांडलं म्हणावं. भलत्याच्या डोक्यावर खापर कशाला?"

दुसऱ्या दिवशी मावशीने शिंप्याला बजावलं, "टोचून होईपर्यंत बोलत राहायचं."

"कशाबद्दल?"

"बायकोबद्दल बोला."

"धाप लागेल, सिस्टर."

तो भिंतीकडे वळला. ती औषध भरायला ट्रेकडे वळली. त्याचं चालूच होतं: बायको, मशीन, बाह्या आखूड झाल्या म्हणून भांडणारी गिऱ्हाइकं. तिने वळून सुई खुपसली, दट्ट्या दाबला. बोलणं थांबलं नाही.

फक्त ते खिडकीकडून येत होतं...

"अहो, मी इकडे," शिंपी म्हणाला. "खाट एकदम गार पडली, म्हणून उठलो."

मावशीचा हात सिरिंजवर होता. सुई अजून कशात तरी रुतलेली होती.

मग ती नुसत्या हवेत होती.

हे तिने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. शिंप्याचा ताप चढत गेला. आणि एक गोष्ट शेजारच्या खाटांनाही जाणवली. मास्तर गेल्यावरही त्या कोपऱ्यातून त्यांचा घरघरता खोकला यायचा. शिंप्याचाच असेल, अशी सगळे समजूत घालून घ्यायचे. आता शिंप्याचा खोकला वाढत होता...

दुसरा मात्र कमी होत होता.

तिसऱ्या दुपारी मावशीने नियम मोडला.

"माझ्याकडे तोंड करा."

"सिस्टर, तुमच्या अंगावर येईल."

"येऊ दे. लेकरांचं तोंड बघायचंय ना? मग आधी माझं बघा."

त्याच्या डोळ्यांत बघत तिने सुई टोचली. तो कळवळला, तिच्या तोंडावरच खोकला. ती हलली नाही. औषध गेलं.

आणि त्याच्या पाठीमागे, भिंतीलगत, गादी हळूच दबली... कुणीतरी कूस बदलावी तशी.

पुढे रोज तिने असंच दिलं. शिंप्याचा ताप उतरू लागला.

मग एका दुपारी मास्तरांची बायको दारात आली.

"सिस्टर, यांचं औषध उरलंय ना?"

बाई दुःखाने भ्रमिष्ट झाल्या, असं मावशीला वाटलं. "वहिनी, मास्तर तर..."

"घरी आलेत. खोकला निम्मा गेलाय. पण दोन सुयांनी काय होतंय?"

दोन.

ट्रेमध्ये उरलेल्या बाटल्या होत्या. शिंप्याचा जीव तेवढाच होता. ती ट्रेच्या आड उभी राहिली.

"औषध संपलं, वहिनी."

बाई रागावल्या नाहीत. तिच्या खांद्यावरून त्यांनी ट्रेकडे नीट पाहिलं.

"बरं. मग थांबतो आम्ही."

व्हरांड्यातल्या बाकावर त्या बसल्या. एका कडेला सरकून, शेजारी जागा सोडून...

शिंपी बरा झाला, स्वतःच्या पायांनी घरी गेला. हे मावशी हौसेने सांगायची.

बाई त्या बाकावरून कधी उठल्या, हे मात्र तिने कधीच सांगितलं नाही. विचारलं की ती आधी जाऊन घराचं दार लावून घ्यायची. भर दुपारी.

कुणासाठी, हे विचारायचा धीर मला झाला नाही. आता मावशी नाही. पण दुपारी घरात एकटा असलो, की कडी मीही लावतो.