कट म्हणेपर्यंत हलायचं नाही

तुम्ही विचारलंत, यंदा अठ्ठेचाळीस तासांच्या लघुपट स्पर्धेत आमचं नाव का नाही. बाकीच्यांना मी नोकरीचं कारण सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो, फक्त मध्येच हसू नका.

गेल्या वर्षी आम्ही तिघं होतो. कॅमेरा आणि दिग्दर्शन माझं, रुचिता माझी सहायक, आणि आवाज रेकॉर्ड करायला नयन. शुक्रवारी संध्याकाळी सातला विषय मिळतो, रविवारी सातला फिल्म जमा करायची. लांबी सात मिनिटांच्या वर एक सेकंद गेली तरी बाद. आमच्या वाट्याला विषय आला ‘मीठ’. शनिवार कथा जुळवण्यात आणि कल्याणच्या शूटिंगमध्ये गेला. रविवारी सकाळी आम्ही ठाण्याजवळ बाळकुमला गेलो, मिठागरात काम केलेली एखादी आजी मिळते का बघायला. चौकशी करत करत रंगूबाई सापडल्या. नव्या उंच टॉवरांच्या मागे त्यांचं जुनं घर होतं. सून जया कामावर गेलेली, म्हातारी एकटीच ओट्यावर बसलेली.

मी बोलायला लागलो की ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मी रुचिताला म्हटलं, “बघ, काय एकाग्रता आहे! आपल्या हिरोला जमत नाही.” आम्ही दोघंही हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शॉट साधा होता. बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावर रंगूबाई खाडीकडे तोंड करून बसणार, कॅमेरा मागून. चेहरा दाखवायचा नव्हता. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं.

“आजी, मागे वळून बघायचं नाही हां,” मी तिच्यासमोर उकिडवा बसून सांगितलं.

“मागं बगू नको म्हन्तोस, मंग झाला ता मना कसा कलंल रं बाला?”

“मी कट म्हणेन ना! तोवर हलायचं नाही.”

“नाय हलाची,” ती म्हणाली आणि पदर नीट केला.

शॉट सुरू झाला. वारा खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतून येत होता आणि नयनला तो आवाज स्वच्छ हवा होता. म्हणून चाळीस सेकंदांनी मी तोंडाने कट म्हटलंच नाही, नुसता हात वर केला आणि कॅमेरा थांबवला. त्यानंतर नयनला एक मिनिट जागेचा रिकामा आवाज घ्यायचा होता. सगळे गप्प उभे राहिलो. ते मिनिट संपतंय तोच कल्याणहून फोन आला, आमचा हिरो चारनंतर थांबणार नाही म्हणून. अडीच वाजलेले. एक सीन बाकी, एडिटिंग डोंबिवलीत, मध्ये सगळा ट्रॅफिक. मी बॅग उचलून बाइककडे पळालो. रुचिता आणि नयन मागून रिक्षाने आले. रुचिताला वाटलं, आजीला मी घरी सोडलं. मला वाटलं, तिने सोडलं.

सात वाजायला चार मिनिटं असताना फिल्म जमा झाली. लांबी सहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. त्या शेवटच्या शॉटला छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं.

महिन्याभराने जया डोंबिवलीला माझ्या एडिटिंगच्या खोलीवर आली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही.

“आईंचा एक फोटो द्या. फ्रेम करायचाय.”

“म्हणजे... आजी?”

“त्या रविवारी रात्री आठला सापडल्या. भरती आलेली, कमरेएवढ्या पाण्यात बसलेल्या. उठायला तयार नव्हत्या. म्हणत होत्या, त्यो पोरगा सांगल मंग उठन. ताप उतरलाच नाही. नवव्या दिवशी गेल्या.” ती शांतपणे बोलत होती. “चेहरा दिसेल असा द्या.”

माझ्याकडे सगळे शॉट पाठमोरे होते. मी तिला तसं सांगितलं. ती उठून गेली.

या जानेवारीत ती फिल्म मी दुसऱ्या एका महोत्सवाला पाठवली. हो, पाठवली. बक्षिसाची हाव सुटत नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, लांबी जास्त असल्यामुळे बाद. मी फाइल उघडली. सात मिनिटं चाळीस सेकंद. वाटलं चुकीची फाइल असेल. दुसऱ्या दिवशी तीच फाइल नऊ मिनिटं. आठवड्याने एकवीस. वाढत होता तो फक्त शेवटचा शॉट. ज्याचं शूटिंग मी स्वतः चाळीस सेकंदांवर थांबवलं होतं, त्यात आता ऊन उतरलं होतं, आणि रंगूबाईंच्या घोट्याशी पाणी आलं होतं. मान हलत नव्हती. फक्त पाठ मधूनमधून थरथरायची.

मी स्क्रीनला म्हटलं, “कट... आजी, कट.” पाणी गुडघ्याला लागलं.

मग बाळकुम गाठलं. भर दुपारी त्या बांधावर उभा राहून मी ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. मागे चाहूल लागली म्हणून वळलो, तर जया. कुणीतरी तिला सांगितलं असावं, एक माणूस खाडीकडे बघून बोंबलतोय.

“कशाला ओरडता?” ती म्हणाली. “त्यांना ऐकू कुठे यायचं! पंधरा वर्षं झाली. तोंड बघून कळायचं त्यांना.”

“मग... तुम्ही कसं बोलवायचात?”

“मागून जाऊन खांद्याला हात लावायचो. दुसरं काय?”

एवढंच करायचं होतं. दहा पावलं चालून जायचं आणि खांद्याला हात लावायचा. तेवढा वेळ माझ्याकडे होता हो, नक्की होता.

त्या संध्याकाळी खोलीत येऊन मी फाइल उघडली. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. मी स्क्रीनवर तिच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “झालं, आजी. उठा. चुकलो मी.” काच गार लागली. बोट उचललं तर ओलं होतं. जिभेला लावलं, तर खारट.

दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा सहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांची झाली होती. आजवर तेवढीच आहे. शेवटच्या शॉटमध्ये बांध रिकामा आहे. चिखलात पावलं उमटलीत. ती घराकडे गेलेली नाहीत, खाडीकडेही नाहीत. ती कॅमेऱ्याकडे आलीत. रोज एखाद-दोन पावलं जवळ येतात. कालच्या पावलाची बोटं मोजता येत होती.

खोलीत दुपारपासून तिवरांच्या चिखलाचा वास असतो. रुचिता म्हणते, खोली सोड. मी सोडत नाही. काम करताना मी दाराकडे पाठ करून बसतो आणि मागे काहीही वाजलं तरी वळून बघत नाही. खांद्यावर हात पडेपर्यंत हलायचं नाही, एवढं तरी मला करता आलं पाहिजे.